भंगारवाल्याने नाकारलेले जिन्नस आणि बागेची शोभा

घरातील जुन्यापुराण्या वस्तूंपासून बागेसाठी शोभेचे जिन्नस करण्याची ज्यांना हौस आहे, त्यांनी हत्यारे हाती घेण्यापूर्वी एका बाबीचा निवाडा करून घ्यावा, आणि तो करण्याचा अधिकार घरातल्या कोणत्याही रसिक माणसाकडे न देता दारावर येणाऱ्या भंगारवाल्याकडे सोपवावा, असे माझे सांगणे आहे. रद्दी, पितळ, तांबे, ॲल्युमिनियमची पोचे पडलेली पातेली, शीतपेयांच्या पारदर्शक बाटल्या ही सर्व चीजवस्तू तो तराजूत घालतो, रोख मोबदला देतो आणि घेऊन जातो. पुढे ती भट्टीत किंवा कारखान्यात जाऊन खरोखरीच नव्या रूपाने परत वापरात येते. अशी वस्तू अडवून ठेवायची, तिला कात्रीने फुलाचा आकार द्यायचा, वर भडक रंग चढवायचा, आणि उन्हाने ती ठिसूळ होऊन तिचे तुकडे मातीत मिसळू लागले म्हणजे कोणीही न घेणाऱ्या अवस्थेत ती उकिरड्यावर टाकायची, या व्यवहाराला काटकसर म्हणवत नाही. याउलट कान तुटलेला कप, कड उडालेली बशी, न्हाणीघराची दुरुस्ती झाल्यावर उरलेल्या फरशीचे तुकडे, तडा गेलेली लोणच्याची बरणी, हात लागताच झालेले काचेच्या बांगड्यांचे तुकडे, औषधांच्या निळ्या-तपकिरी बाटल्या, इत्यादी ढिगाकडे पाहून तो नकारार्थी मान हलवतो. त्याने नामंजूर केलेली ही रास हाच आपला कच्चा माल होय. आणि योगायोग असा, की बागेच्या दृष्टीने अव्वल दर्जाचा माल नेमका याच राशीत सापडतो.

याचे कारण रंगाच्या स्वभावात आहे. बागेत ठेवलेल्या वस्तूवर ऊन आणि पाऊस यांचा अंमल अहोरात्र चालतो, आणि या दोघांपुढे टिकणारा रंग हा बहुधा वस्तूच्या अंगातच भिनलेला असावा लागतो. काचेचा हिरवा रंग तिच्यातील लोहाच्या अंशामुळे आणि गडद निळा कोबाल्टमुळे आलेला असतो. काच वितळून रसरूप झाली असताना ती द्रव्ये तिच्यात विरघळलेली असल्यामुळे ऊन त्या रंगाचे काही बिघडवू शकत नाही. चिनी मातीच्या भांड्यावरील चकाकी हीही वस्तुतः भट्टीत भाजून मातीवर बसवलेली काचच असते, आणि आमच्या आजीच्या पिढीतील तामचिनीच्या ताटवाट्यांवर जो निळा, हिरवा किंवा दुधी लेप असे, तोही लोखंडी पत्र्यावर वितळवलेल्या काचेचाच. कुंचल्याने वरून लावलेल्या रंगाची गोष्ट निराळी. त्यातही स्वस्त तांबडे आणि गुलाबी रंग प्रथम उडतात, पिवळे त्यांच्या मागोमाग जातात, आणि पहिल्या वर्षाच्या अखेरीस ज्या फिकट, आजारी छटा शिल्लक राहतात त्या बागेतील हिरव्या पार्श्वभूमीवर अत्यंत दीनवाण्या दिसतात. यास्तव मुळात रंगीत असलेल्या वस्तूस प्राधान्य द्यावे आणि रंगवण्याचा उद्योग जेथे दुसरा उपायच नाही तेथे करावा, हा या लेखातील सर्व सूचनांचा पाया समजावा.

या मार्गाने जाऊन एक मनुष्य केवढी मजल मारू शकतो हे पाहावयाचे असेल, तर चंदिगढ येथील रॉक गार्डनचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. ल कॉर्बुझिएच्या आराखड्यानुसार नवी राजधानी उभारली जात असताना सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते-निरीक्षकाच्या साध्या हुद्द्यावर नोकरीस असलेल्या नेकचंद सैनी यांनी, नव्या शहरासाठी उठवलेल्या खेड्यांच्या अवशेषांतून आणि शहराच्या कचऱ्यातून फुटकी कपबशी, बांगड्या, न्हाणीघरातील मोडकी चिनी भांडी, विजेच्या दिव्यांची चिनी मातीची बुडे, सायकलींचे सांगाडे अशा वस्तू सायकलवरून वाहून आणून, १९५७ च्या सुमारास सरकारी जंगलाच्या एका राखीव तुकड्यात गुपचूप साठवण्यास आरंभ केला. कोणत्याही दप्तरात नोंद नसलेले, कोणाचीही परवानगी नसलेले हे साम्राज्य सरकारी अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडेपर्यंत दीड दशकाहून अधिक काळ लोटला होता. कायद्याच्या अक्षराप्रमाणे ते जमीनदोस्त व्हावयाचे, परंतु लोकांचे मत त्याच्या बाजूने पडले, १९७६ साली ते सर्वांना खुले झाले, आणि नेकचंदांना त्याच कामावर पगार आणि मजूर देऊन नेमण्यात आले. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे या बागेचे कौतुक करताना तिच्या निर्मात्याच्या चिकाटीवर बोट ठेवले जाते, आणि ते योग्यच आहे. पण आपल्यासारख्या हौशी माणसाने तेथून उचलावयाचा धडा मला दुसराच वाटतो. नेकचंदांनी प्रथम साठा केला, त्याची जातवारी लावली, आणि मगच घडवण्यास हात घातला. त्यांच्या पुतळ्यांच्या एका रांगेत अंगभर बांगड्यांचे तुकडे असतात, तर दुसऱ्या रांगेत केवळ चिनी मातीचे. एकाच पुतळ्यावर घरातील यच्चयावत वस्तू चिकटवण्याचा मोह त्यांना झालेला दिसत नाही. तेव्हा माळ्यावर चार खोकी मांडावीत, एकात निळे-पांढरे तुकडे, दुसऱ्यात हिरवे, तिसऱ्यात पिवळे-तांबडे आणि चौथ्यात नक्षीदार, अशी वर्गवारी करीत जावे, आणि एखादे खोके काठोकाठ भरले म्हणजेच कामास बसावे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. नवशिक्याने पहिले काम म्हणून तुकड्यांनी मढवलेली कुंडी करावी, कारण तिच्यात या कलेचे सर्व अवघड प्रसंग लहान प्रमाणावर भेटतात आणि फसली तरी तिच्यात झाड लावता येतेच. सिमेंटची जुनी कुंडी असल्यास उत्तम. मातीची असल्यास ती अगोदर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी, अन्यथा कोरडी माती लेपातील पाणी क्षणार्धात शोषून घेते आणि लेप घट्ट होण्याऐवजी भुसभुशीत होऊन पापुद्र्याने सुटतो. मातीच्या कुंडीची छिद्राळ भिंत झाडाच्या मुळांना जो श्वास देते तो बाहेरून मढवल्यावर बंद होतो, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. सबब अशा कुंडीत पाण्याचा निचरा होणारे छिद्र मोठे असावे आणि तळाशी खापऱ्यांचा थर द्यावा. तुकडे करण्यासाठी बशी जाड गोणपाटात गुंडाळून दगडी पाट्यावर किंवा जमिनीवर ठेवावी आणि हातोडीचा हलका, मोजका ठोका द्यावा. गोणपाट न घेता उघड्यावर फोडण्याचा आळस कोणी करू नये. चिनी मातीची कपची डोळ्यात गेली असता ती सहजासहजी दिसत नाही आणि निघतही नाही. चष्मा लावण्याची सवय नसलेल्यांनीही या वेळेपुरता साधा संरक्षक चष्मा आणि रबरी हातमोजे वापरावेत. हातमोज्यांचे दुसरे प्रयोजन सिमेंटमुळे आहे, कारण ओल्या सिमेंटमधील तीव्र क्षार तासाभराच्या कामात बोटांची त्वचा सोलून काढतो, आणि ते काम करीत असताना कळतही नाही.

तुकडा किती मोठा असावा, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. सपाट फरशी मढवावयाची असेल तर तळहाताएवढाही चालेल. परंतु गोल पृष्ठभागावर सपाट तुकडा मध्येच टेकतो आणि त्याच्या कडा उचललेल्या राहतात, व अशा उचललेल्या कडेवर पुढेमागे कोणाचा तरी हात कापला जातो. बार्सिलोना येथील गुएल उद्यानात, जे १९०० ते १९१४ या काळात अंतोनी गाउदी याच्या देखरेखीखाली उभे राहिले, सर्पाकार वळणे घेणारी जी प्रसिद्ध बैठक आहे ती याच कारणाने लहान तुकड्यांनी मढवलेली आहे. वळण जितके तीव्र, तितका तुकडा बारीक, हा तिचा नियम. आमच्या मुंबईतील जुन्या इमारतींच्या गच्च्यांवर चायना मोझॅकचा जो पांढरा थर असे, त्याचे कारागीरही पाण्याच्या उतारावर मोठे तुकडे आणि भिंतीच्या पायाशी असलेल्या गोलाईवर बारीक तुकडे बसवीत. शोभेचा विचार मनात न आणता केवळ पावसाचे पाणी बाहेर काढण्यासाठी आणि ऊन परतवण्यासाठी केलेले ते काम कित्येक नामांकित चित्रकारांच्या भिंतीपेक्षा मला अधिक देखणे वाटत आले आहे. कुंडीसाठी बोटाच्या एका पेराएवढे तुकडे पुरेत. कपाच्या किंवा वाटीच्या बाजूचे तुकडे मुळातच वाकलेले असल्यामुळे ते कुंडीच्या गोलाईवर छान बसतात. बशीचे सपाट तुकडे काठासाठी राखून ठेवावेत.

एक भाग सिमेंट आणि तीन भाग चाळलेली वाळू यांचे, पाणी बेताचे घालून, थापीवरून न ओघळणारे मिश्रण करावे, आणि कुंडीच्या एकाच बाजूस, वीतभर जागेत, सुमारे अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा. सबंध कुंडी एकदम लिंपण्याची घाई केल्यास शेवटच्या तुकड्याच्या पाळीपर्यंत थर आळून जातो. तुकडे दाबून बसवताना दोहोंमध्ये तीन-चार मिलिमीटरची फट ठेवावी आणि कोणताही तुकडा शेजाऱ्यापेक्षा वर डोकावणार नाही याकडे लक्ष द्यावे. एक दिवस गेल्यावर पांढरे सिमेंट पाण्यात दह्याइतके दाट कालवून या फटींत रबराच्या तुकड्याने भरावे, आणि अर्ध्या तासाने, ते पुरते कडक होण्याच्या आत, ओलसर फडक्याने वरचा लेप पुसून काढावा. फटींचा रंग ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सबंध वस्तूचा रंग तिच्यावर ठरतो: पांढरी फट सर्व रंगांना एकत्र आणते परंतु थोडे फिके पाडते, तर साध्या राखाडी सिमेंटची फट प्रत्येक तुकड्याला वेगळा काढून उजळ करते. निळ्या-पांढऱ्या कपबशांना पांढरी आणि हिरव्या-पिवळ्या तुकड्यांना राखाडी, असा माझा कौल आहे. यानंतर कुंडीभोवती ओले गोणपाट गुंडाळून सात दिवस ते ओले ठेवावे. गवंडी ज्याला पाणी मारणे म्हणतात तो हा सोपस्कार टाळला, तर पहिल्याच उन्हाळ्यात तुकडे गळू लागतात. जेथे कडा हाताला लागत असेल तेथे कुरुंदाच्या दगडाने घासावी. सिमेंटच्या कुंडीत झाड लावण्यापूर्वी तिचे छिद्र बंद करून तीत आठवडाभर पाणी भरून ठेवावे आणि ते एक-दोन दिवसांआड बदलावे. म्हणजे सिमेंटमधील जो क्षार मुळांना मानवत नाही त्याचा बराच भाग निघून जातो.

बांगड्यांच्या तुकड्यांना हीच रीत लागू पडते, मात्र त्यांचा थर पातळ आणि सिमेंट अधिक, म्हणजे एकास दोन, असे असावे. फुटलेल्या, किंवा आमच्या बायकांच्या शिष्टाचाराप्रमाणे बोलावयाचे तर वाढलेल्या, काचेच्या बांगड्यांचे तुकडे मुळातच कमानीसारखे असल्यामुळे त्यांच्यापासून माशाचे खवले, मोराच्या पिसाऱ्यातील डोळे आणि लाटा या आकृती आपोआप निघतात. लाखेच्या आणि प्लॅस्टिकच्या बांगड्या वेगळ्या काढाव्यात. लाखेच्या उन्हाने मऊ होतात आणि प्लॅस्टिकच्यांचा रंग उडतो. सोनेरी वर्ख असलेल्या काचेच्या बांगडीचा वर्खही पावसात जातो, पण त्याखालची काच राहते, आणि पुष्कळदा ती वर्खासहित होती त्याहून अधिक चांगली दिसते.

बाटल्यांचा सर्वांत सरळ उपयोग वाफ्याच्या किनारीसाठी. बाटली गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवली म्हणजे तिच्यावरील कागद सुटतो. उरलेला चिकटा खोबरेल तेलाने निघतो. वाफ्याच्या कडेने बाटलीच्या उंचीच्या निम्म्याहून थोडा अधिक खोल चर खणावा, तळाशी वाळू घालावी, आणि बूच लावलेली बाटली तोंड खाली करून उभी बसवावी, म्हणजे वर तिचे गोल बूड तेवढे दिसते. बाटलीचा व्यास साधारण साडेसात सेंटिमीटर धरला तर मीटरभर किनारीस तेरा बाटल्या लागतात. हा हिशेब अगोदर न केल्यामुळे अर्धी किनार तपकिरी आणि उरलेली हिरवी झालेल्या बागा मी पाहिलेल्या आहेत. ज्या बाजूने मुले धावतात किंवा गवत कापण्याचे यंत्र फिरते त्या बाजूस काच असू नये, हे सांगावयास नको. बाटल्यांचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो, आमच्याकडे कुत्र्यांनी दारात घाण करू नये यासाठी लाल किंवा निळे पाणी भरलेल्या बाटल्या कुंपणावर टांगण्याची जी चाल पडली आहे, तिची परिणामकारकता पारखू इच्छिणाऱ्याने दुपारी एखाद्या गल्लीतून फेरी मारावी; बाटलीच्या छायेत निद्रिस्त कुत्रा त्यास बहुधा आढळेल. शोभा म्हणून मात्र त्या बाटल्या वाईट दिसत नाहीत.

तडा गेलेली लोणच्याची बरणी, वरचा भाग तपकिरी आणि खालचा पांढरा असलेली, ही तर बागेसाठीच घडली असावी असे वाटते. तिचे तुकडे करू नयेत. फुटका भाग जमिनीकडे करून ती आडवी, अर्धी मातीत पुरावी, तोंडाशी पोर्चुलाका किंवा तत्सम पसरणारे रोप लावावे, आणि फुलांचा ओघ बरणीतून बाहेर सांडल्यासारखा पुढच्या वाफ्यापर्यंत जाऊ द्यावा. तामचिनीच्या टोपल्यांना आणि ताटांना जेथे टवका उडालेला असतो तेथून गंज शिरतो. तो पॉलिश पेपराने घासून त्या ठिपक्यापुरता रेड ऑक्साइड लावला म्हणजे भांडे बरीच वर्षे टिकते. त्यांच्या रंगावर नवा रंग चढवण्याचे पाप करू नये.

कौलारू घरे मोडून तेथे स्लॅब पडत असल्यामुळे कोकणात आणि घाटावरही मंगलोरी कौलांच्या राशी रस्त्याकडेला पडलेल्या दिसतात. मंगळूर येथे बाझेल मिशनने १८६५ साली या कौलांचा कारखाना काढला, आणि पश्चिम किनाऱ्यावरील घरांचे छप्पर त्याने पालटून टाकले. मुळातच भाजक्या तांबड्या रंगाचे हे कौल उभे, तिरके, एकावर एक रेलून पुरले असता वाफ्याला जी कंगोरेदार किनार मिळते तिला रंगाची गरज नाही. हवाच असेल तर चुन्याची एक पांढरी रेघ ओढावी आणि थांबावे.

आता रंगवण्याच्या कामाविषयी, जे मी शक्यतो टाळावे असे म्हटले आहे. काही वस्तू अशा असतात की त्या सोडवत नाहीत, आणि त्यांत तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी पत्र्याचा डबा अग्रगण्य होय. चाळीच्या गॅलरीत, गिरणगावाच्या खिडकीत, गावाकडच्या ओट्यावर, ज्याला वृंदावन बांधणे परवडले नाही त्याची तुळस याच डब्यात वाढली. भंगारवाला तो घेतो, हे खरे. परंतु त्याच्या उपयुक्ततेच्या मानाने मिळणारी किंमत इतकी अल्प असते की येथे मी माझाच नियम शिथिल करतो. डब्याच्या तळाला खिळ्याने आतून बाहेर अशी सात-आठ छिद्रे पाडावीत, म्हणजे खिळ्याने उलटलेली कड बाहेरच्या बाजूस राहते आणि पाणी आत तुंबत नाही. वरची कापलेली कड पक्कडीने आत दुमडून हातोडीने ठोकून सपाट करावी. तेलाचा अंश सोड्याच्या पाण्याने पूर्णपणे धुऊन काढावा, कारण तेलकट पत्र्यावर कोणताही रंग धरत नाही. मग पॉलिश पेपराने घासून आतून-बाहेरून रेड ऑक्साइडचा एक हात आणि बाहेरून ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत, दोन हातांमध्ये निदान एक रात्र जाऊ द्यावी. डबा जमिनीवर न टेकवता दोन विटांवर ठेवावा. रंगाची निवड करताना केवळ डोळ्यांचा सल्ला घेऊ नये: काळा, गडद निळा किंवा गडद तांबडा डबा विदर्भातील वैशाखाच्या उन्हात, जेथे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, आतील माती इतकी तापवतो की बाजूची मुळे भाजून निघतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या गॅलरीत पांढरा, फिका पिवळा किंवा फिका हिरवा. गडद रंगाची चैन सावलीतल्या डब्यांसाठी राखून ठेवावी.

या कामाचा हंगाम दिवाळीनंतर होळीपर्यंत. पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे ऑइल पेंट दिवसेंदिवस चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते, व भर उन्हाळ्यात वरचा पापुद्रा झटकन सुकून आतला थर ओला राहतो. माळ्यावर पडून असलेला रंगाचा जुना डबा या निमित्ताने संपवून टाकण्याची कल्पना प्रत्येक गृहस्थाच्या डोक्यात येते. ती मनातून रद्दबातल करावी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये असा केंद्र सरकारचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला, म्हणजे त्यापूर्वीच्या डब्यात काय आहे याची शाश्वती आपणास देता येत नाही. त्याच कारणाने जुने रंगवलेले लाकूड किंवा ग्रील कोरडे घासू नये, ओले करून घासावे, आणि मुलांना त्या धुळीपासून दूर ठेवावे.

विटा, दगड, सिमेंटचे ठोकळे किंवा मातीच्या कुंड्या रंगवावयाच्या असतील तर बाजारातील महाग रंगांकडे जाण्यापूर्वी आपल्याच जुन्या बैठकीतील चार मंडळींना आठवावे: काव, पिवडी, नीळ आणि चुना. काव आणि पिवडी ही लोहाची नैसर्गिक संयुगे असल्यामुळे उन्हाने त्यांचा रंग ढळत नाही, आणि कपड्यांना घालण्याची जी नीळ वाण्याकडे मिळते ती चुन्याच्या क्षारातही टिकून राहते. चुन्याची निवळी नव्हे, तर भिजवून फडक्यातून गाळलेला दाट चुना घ्यावा, त्यात थोडा उकळलेला डिंक घालावा, आणि रंगद्रव्य चुन्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा अधिक होऊ देऊ नये, अन्यथा हाताला सुटते. ज्या वस्तूवर लावावयाचे ती अगोदर ओली करावी, लेप पातळ द्यावेत, आणि दोन-तीन द्यावेत. कार्तिकात तुळशीच्या लग्नापूर्वी वृंदावन गेरूने आणि चुन्याने रंगवण्याची जी प्रथा घराघरांत आहे, तिच्यात हे सर्व शास्त्र न सांगता सांभाळले गेलेले आहे. दरवर्षी पुन्हा रंगवणे हाही तिचा भाग आहे, आणि ज्याला ते कंटाळवाणे वाटते त्याने चिनी तुकड्यांकडे परत जावे.

मुलांना या उद्योगात घ्यावयाचे असेल तर त्यांच्या हाती काच देता येत नाही. त्यांच्यासाठी नारळाची करवंटी उत्तम. बाहेरचे केस काढून, पॉलिश पेपराने घासून, जवसाचे तेल चोळले असता ती गर्द तपकिरी होते, तीन छिद्रांतून सुतळी ओवून टांगली म्हणजे तीत लहानशी रोपे राहतात, आणि आतल्या बाजूस पिवडीचा किंवा कावेचा एक हात दिला तर रंगाचीही हौस फिटते. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, यास्तव पसरून वाळवावीत.

ज्या वस्तूंना बागेत मज्जाव असावा त्यांची यादी मोठी नाही, पण ती कडक आहे. रंगीत टायरांचे हंस आणि झोपाळे सध्या फार लोकप्रिय आहेत. परंतु टायरच्या आतल्या पोकळीत साचलेले पाणी डोळ्यांना दिसत नाही आणि ओतूनही पूर्ण निघत नाही, आणि डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाला याहून सोयीचे घर माहीत नाही. उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, आणि त्याची अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटून कोरडी अशी कित्येक महिने तग धरतात. म्हणून ज्यात पाणी साचू शकते अशी प्रत्येक वस्तू आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासावी लागते, आणि टायर घासणारा गृहस्थ अजून माझ्या पाहण्यात नाही. टायर वापरावयाचाच असेल तर तळाशी जागोजागी मोठी भोके पाडून तो मातीने काठोकाठ भरावा. गेलेल्या ट्यूबलाइट आणि वळ्यावळ्यांचे दिवे यांत पारा असतो. ते फोडू नयेत आणि बागेत तर नकोतच. जुन्या सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ते कापू अथवा तोडू नयेत. थर्माकोलचे कण होऊन वाऱ्यावर उडतात, एवढे कारण पुरे.

मांडणीविषयी थोडेच सांगावयाचे आहे, कारण ज्याला नजर आहे त्याला सांगावे लागत नाही. बागेत हिरवा रंग अगोदरच सर्वत्र आहे. त्यावर तांबडा पुढे येतो आणि निळा मागे सरतो, सबब लहान बाग खोल भासावी असे वाटत असेल तर टोकाच्या कोपऱ्यात निळे ठेवावे आणि तांबडे प्रवेशद्वाराशी. सावलीत पांढरा आणि पिवळा यांखेरीज कोणताही रंग उठून दिसत नाही. एका जागी उभे राहून दोन-तीनहून अधिक शोभेच्या वस्तू दिसू नयेत. चौथी वस्तू आली की बागेचे प्रदर्शन होते आणि झाडे ही त्यातील मांडव ठरतात. सदनिकेत राहणाऱ्यांनी सिमेंटने मढवलेली जड कुंडी कठड्यावर ठेवण्याचा विचारही करू नये, आणि गच्चीवर अशा कुंड्यांची रांग लावण्यापूर्वी सोसायटीची परवानगी घेऊन त्या तुळईच्या वर, भिंतीलगत येतील अशी तजवीज करावी.

एवढे केल्यावर निगेचे काम फारसे उरत नाही. ज्येष्ठ लागताच, मृगाच्या सरी येण्यापूर्वी, डब्यांची छिद्रे तारेने मोकळी करावीत, सैल झालेला तुकडा हाताला लागल्यास काढून पुन्हा बसवावा, आणि बाटल्यांची बुचे तपासावीत. चिनी तुकड्यांवर पावसाळ्यात जे शेवाळ चढते ते साबणाच्या पाण्याने आणि काथ्याने निघते. न्हाणीघराच्या फरशीसाठी जे तेजाब विकत मिळते ते मात्र यावर कदापि ओतू नये, कारण तुकडे त्याने चकचकीत होतात खरे, पण फटींतील सिमेंट विरघळते, आणि पुढच्या पावसाळ्यात तेच तुकडे एकेक करून वाफ्यात पडतात.